चिवट वडी

मंडळी, आजचं लिखाण जरा लांबणार आहे. पुण्याची धाकटी जाऊ आणि नाशिकची भाचेसून, दोघींनी "ती मुलांची वडी एकदा लिहून काढा ना" असा लकडाच लावला आहे. कृती लिहायला माझी हरकत नाही. पण तिच्या पोटात दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती गाळून नुसती कृती लिहिली तर ते बरं होणार नाही. म्हणून दोन्ही लिहिते.

वडी म्हणजे ज्याला मुलं ग्रॅनोला बार म्हणतात ती. माझी लेक मेलबर्नला असते. तिथे शाळेच्या डब्यात हाच खाऊ असतो. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हटलं, ही तर बिघडलेली चिक्की! चिक्की कशी, दातांखाली टक्कन मोडली पाहिजे. ही वाकते, ताणली जाते, मग कुठे तुटते. लेक म्हणाली, "आई, तिची तीच तर खासियत आहे." त्या चिवटपणाचं इतकं कौतुक असतं हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडे चिवट म्हटलं की एकतर मटार उसळीतले मटार आठवतात, नाहीतर मुख्याध्यापक.

गंमत म्हणजे हा पदार्थ जन्माला आला तेव्हा दगडासारखा होता. १८६३ साली अमेरिकेत जेम्स केलेब जॅक्सन नावाच्या डॉक्टरांनी आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी कोंड्यासकट गव्हाच्या पिठाचं 'ग्रॅन्यूला' केलं. ते रात्रभर भिजवल्याशिवाय चावता येत नसे. पुढे केलॉग यांनी तसाच पदार्थ काढला आणि नावात एक अक्षर बदलून 'ग्रॅनोला' केलं. असो.

माझा पहिला घाणा फसला. खजूर वाटून त्यात ओट आणि लाह्या कालवल्या, तर वडी कापताना भुगा झाला. आम्ही तो दुधात घालून संपवला. दुसऱ्या वेळी गुळाचा पाक केला, तो हातच्या सवयीने चिक्कीचा झाला. ह्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि कवळी काढून हातात घेतली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की चाळीस वर्षं आपण पाक करतो, पण कधी थांबायचं ते हाताला ठाऊक आहे, डोक्याला नाही. मग नीट बघितलं. गूळ वितळून फसफसू लागला की वाटीभर गार पाण्यात थेंब टाकायचा. तो थेंब बोटाने गोळा करता आला आणि दाबला की चपटा झाला, म्हणजे पाक साधारण ११५ अंशांवर आहे. वडीसाठी इथेच गॅस बंद. चिक्कीला आपण पुढे जातो, थेट १५० च्या आसपास, तेव्हा पाण्यातला थेंब काचेसारखा मोडतो. पाकात पाणी जितकं कमी उरेल तितकी वडी कडक, एवढंच त्यातलं शास्त्र. दोन चमचे मध घातला की साखरेचे खडे धरत नाहीत आणि मऊपणा टिकतो.

आता प्रमाण सांगते. दोन वाट्या ओट (आता आमच्या कोल्हारच्या दुकानातही मिळतात), ते नसले तर जाड पोहे. ते मंद आचेवर कुरकुरीत भाजायचे. राजगिऱ्याच्या लाह्या एक वाटी. सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या सोललेल्या बिया मिळून अर्धी वाटी. दहा-बारा खजूर बारीक चिरून. गूळ अर्ध्या वाटीला थोडा जास्त, मध दोन चमचे, तूप दोन चमचे, मीठ चिमटीभर. मीठ विसरू नका, त्याशिवाय वडी नुसती गोड लागते. गूळ, मध, तुपाचा पाक त्या मऊ गोळीवर उतरवायचा, त्यात खजूर घोटायचे, मग बाकीचं सगळं. गरम असतानाच तूप लावलेल्या ताटात ओतून वाटीच्या बुडाने दाबायचं. जीव काढून दाबायचं, हात दुखले तरी चालतील. बहुतेकांची वडी इथेच फसते. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही.

शेंगदाणे नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आता तेच सांगायचं आहे.

माझ्या नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. लेकीने हे मला पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा तो आठ महिन्यांचा होता. मी बाहेरून "हो का, अरे देवा" म्हटलं आणि मनातून म्हटलं, ही सगळी तिकडची खुळं. मुलांना कशाला हात लावू द्यायचा नाही, मग दुसरं काय होणार! पण तिने तर त्याला वेळेवर, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच दाण्याचं लोणी चाटवलं होतं. २०१५ साली लंडनच्या डॉक्टरांनी एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. ॲलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० तान्ही बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पाच वर्षं दिलाच नाही. सुरुवातीच्या तपासणीत ज्यांच्या कातडीवर शेंगदाण्याची खूण उमटली नव्हती, त्यांच्यात न खाणाऱ्यांपैकी जवळजवळ चौदा टक्के मुलांना ॲलर्जी निघाली, खाणाऱ्यांपैकी दोन टक्क्यांनाही नाही. म्हणजे लवकर द्यावा हे खरं. पण तरीही काही मुलांना होतेच, आणि मेलबर्नमध्ये तर वर्षभराच्या दर दहा बाळांतल्या एकाहून जास्त बाळांना कसली ना कसली अन्नाची ॲलर्जी आढळली आहे. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

न वाचण्याचं कारणही सांगते. सबब म्हणून नव्हे. १९७२ च्या दुष्काळात मी बी.ए.ला होते. सुट्टीत घरी आले की दुष्काळी कामांवरच्या बायका सुकडीचा वाटा पदरात बांधून घरी नेताना दिसत. लाल मिलोच्या भाकरी आम्हीही खाल्ल्या. पुढे शिक्षिका झाले ती प्रवरेच्या काठच्याच शाळेत. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडणीवाल्यांची पोरं यायची. पहाटे आईबाप फडात गेलेले, पोर उपाशी शाळेत. प्रार्थनेला उभं राहिलं की एखादं धप्पकन पडायचं. शाळेत पोषण आहार आला तो १९९५ साली, आणि तोही आधी घरी न्यायच्या तांदळाच्या रूपात. शिजवलेलं अन्न त्यानंतर कितीतरी वर्षांनी. त्याच्या आधीपासून निवृत्तीपर्यंत माझ्या पिशवीत एक डबा असे, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. पडलेल्या पोराला सावलीत बसवायचं, मूठभर दाणे द्यायचे, वर पाणी. दहा मिनिटांत तोंडावर रंग यायचा. बत्तीस वर्षं मी हे औषध दिलं आणि ते कुणालाही बाधलं नाही. त्या बाईला तुम्ही सांगा की शेंगदाण्याने पोर मरू शकतं!

२०२४ ची संक्रांत १५ जानेवारीला होती. लेक, जावई आणि सहा वर्षांचा नातू आले होते. लेकीने आल्या दिवशी माझं स्वयंपाकघर तपासलं. घाण्याचं शेंगदाणा तेल बाजूला ठेवून करडईचं आणलं. कुटाची बरणी वरच्या फळीवर गेली. मला थोडा अपमानही वाटला, खोटं कशाला बोलू. जिच्या हातचं खाऊन तू वाढलीस तिचेच डबे हुंगतेस!

१४ तारखेला भोगी. भोगीची भाजी दाण्याच्या कुटाशिवाय म्हणजे काय! आमच्या दोघांपुरती थोडी वेगळी करते म्हणून मी बरणी खाली काढली. लेक ह्यांच्याबरोबर भगवतीमातेच्या दर्शनाला गेली होती. नातवाच्या वड्यांचा पाक गॅसवर होता. मिश्रण मला जरा सैल वाटलं. बरणी शेजारीच उघडी होती. मी एक चमचा कूट त्यात घातलं.

चुकून नाही. हाताला लागलेलं नाही. मी विचार करून घातलं. "एवढ्याशाने काय होतंय, झाली तर सवयच होईल," असा तो विचार होता.

दुपारी त्याने वडी खाल्ली. अर्धीच. "आजी, जिभेला टोचतंय," म्हणाला. पाच मिनिटांत ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या. मी म्हटलं पित्त उठलं, आणि आमसूल भिजत घालायला आत गेले. वाटी घेऊन बाहेर आले तोवर त्याला उलटी झाली होती आणि श्वासाला घरघर लागली होती. लेकीने पर्समधून पेनासारखी सुई काढली, पँटवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबली, त्याला आडवं केलं आणि जावयांना गाडी काढायला सांगितली. तिचा हात जराही हलला नाही. मी आमसुलाची वाटी धरून दारात उभी होते.

मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचा श्वास पुष्कळ सुधारला होता. तरी डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, कारण औषधाचा असर ओसरल्यावर त्रास पुन्हा उलटू शकतो. तिथे बाकावर बसून लेकीने विचारलं, "आई, वडीत काय होतं?"

मी म्हणाले, "काही नाही गं. मिक्सरचं भांडं तेच होतं. धुतलं होतं, पण राहिलं असेल कुठे पात्याखाली."

ती रडायला लागली. "मीच बघायला हवं होतं. तेल बघितलं, डबे बघितले, भांडं कसं विसरले मी?" असं चार-पाचदा म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, ती आणि जावई श्रीरामपूरला जाऊन माझ्यासाठी मिक्सरचं नवीन भांडं घेऊन आले. "हे फक्त त्याच्यासाठी ठेव." झाकणावर तिने लाल नेलपॉलिशचा ठिपका काढला.

ते भांडं माझ्या ओट्यावर आहे. तेव्हापासून रोज सकाळी चहा ठेवताना तो ठिपका दिसतो. भांड्याचा काहीएक दोष नव्हता हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. ह्यांनाही सांगितलं नव्हतं. लेक त्यानंतर फोनवर कुणाकुणाला सांगायची, की मिक्सरच्या भांड्यातूनसुद्धा लागतं बरं का, जपा. ते खरंच आहे, लागतं. भडभुंज्याकडचे फुटाणेही मी आता आणत नाही, ज्या वाळूत दाणे भाजतात त्याच वाळूत तेही भाजलेले असतात. पण माझ्या खोट्याचा तिने नियम केला होता आणि ती तो इमानाने पाळत होती. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलेलं आहे.

मागच्या महिन्यात जावेने कृती मागितली तेव्हा मी लिहायला बसले. बिया लिहिल्या, गूळ लिहिला, आणि शेंगदाण्यापाशी हात थांबला. तो कागद तसाच ठेवून आधी ह्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिला फोन कर. आजच."

रविवार होता. आपल्याकडे सकाळचे दहा, तिकडे दुपारचे साडेतीन. मी सांगितलं, मधे न थांबता. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "चमचा केवढा होता?"

"पोह्याचा."

"बरं," म्हणाली. "आई, मी आत्ता नाही बोलू शकत." आणि फोन ठेवला.

चार दिवस फोन नाही. एरवी रोज संध्याकाळी येतो. पाचव्या दिवशी निरोप आला, तो इथे उतरवायला तिची हरकत नाही, विचारून घेतलं आहे. "तिकिटं आधीच काढलेली आहेत, रद्द करत नाही. स्वयंपाक मी करीन. वड्या तूच कर, पण त्याला शेजारी बसवून. तो आता आठ वर्षांचा आहे, सगळं वाचूनच तोंडात घालतो."

तिच्या 'स्वयंपाक मी करीन' वर मला काही म्हणायचं नाही.

वाचून तोंडात घालतो, पण मराठी त्याला अजून येत नाही. म्हणून सध्या मी डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या चिकटवते आहे. ओट, मध, गूळ झाले. राजगिऱ्याचं इंग्रजी स्पेलिंग 'आय' ने करायचं की दोन 'ई' ने, यावर कालपासून ह्यांचं आणि माझं वाजलं आहे.