एका चाहत्याने वाचवलेली बिअर

लागरच्या यीस्टला थंडावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील सॅन फ्रान्सिस्कोत बर्फ दुर्मीळ. म्हणून तेथील बिअर उथळ, उघड्या हौदांत, समुद्राच्या गार हवेवर आंबवली जाई. हीच 'स्टीम बिअर'. १८९६ मध्ये सुरू झालेल्या अँकर ब्रुअरीने ही रीत टिकवली.

१९६५ मध्ये ती बंद पडण्याच्या बेतात असताना फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने, केवळ आपली आवडती बिअर नाहीशी होऊ नये म्हणून, तिचा मोठा हिस्सा विकत घेतला. (घराणे धुलाईयंत्रे बनवणाऱ्यांचे!) पुढे असंख्य छोट्या ब्रुअऱ्यांनी त्याचाच कित्ता गिरवला आणि त्याच गर्दीत अँकरचे गिऱ्हाईक पांगले.

२०१७ मध्ये जपानच्या साप्पोरोने ती घेतली. २०२३ मध्ये बंद केली. ही बातमी येताच दाराशी रांगा लागल्या. त्यांतले किती जण एरवी तेथे फिरकत असत?