आजीची अट

आमच्या घरची शाळा सकाळच्या भक्तीनं सुरू होते. नवरा कामावर निघण्याआधी आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसतो. 'उपासना संगीत'मधलं एक गीत, पवित्र शास्त्रातला छोटासा भाग, मग एकेकाची प्रार्थना. थोरला आठ वर्षांचा आहे, धाकटी पाचाची. धाकटीच्या प्रार्थनेत गल्लीतली सगळी कुत्री येतात, शेजारच्या काकूंचा दुखरा गुडघा येतो आणि सांगलीची आजी तर रोजच येते. वाचनाचं काम थोरल्याकडे. शास्त्रातली मराठी त्याच्या वयाला जड आहे. तो बोट ठेवून वाचतो, जोडाक्षरापाशी अडतो, मागे जातो, पुन्हा वाचतो. त्याच्यामागे वाचायला कुणी ताटकळत बसलेलं नसतं, म्हणून त्याला अडायची लाज वाटत नाही. वडील डबा घेऊन निघाले की त्याच सतरंजीवर वह्या आणि धाकटीची पाटी येते.

बैठा अभ्यास थोडाच. शार्लट मेसन या इंग्लंडमधल्या शिक्षिकेनं शंभरेक वर्षांपूर्वी आग्रहानं सांगितलं होतं, की लहान मुलांचे पाठ पंधरा-वीस मिनिटांचे असावेत, ऐकलेली गोष्ट मुलानं स्वतःच्या शब्दांत सांगावी आणि दिवसाचा मोठा भाग बाहेर जावा. 1923 साली त्या वारल्या. आज जगभरातली कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं घरी शिकवताना त्यांचा हात धरतात. मीही धरला. पण त्यांचा लेक डिस्ट्रिक्ट इथे साताऱ्यात नाही, इथे अजिंक्यतारा किल्ला आणि यवतेश्वरचा घाट आहे. पुस्तकं बालभारतीचीच. चौथीच्या पुस्तकातला शिवरायांचा इतिहास थोरल्यानं वर्षभर आधीच वाचून काढला आणि मग अजिंक्यताऱ्याच्या दरवाजात उभं राहून धाकटीला तो ऐकवला. तिनं मध्येच विचारलं, की महाराजांच्या आईनं त्यांना कुठल्या शाळेत घातलं होतं? तो माझ्याकडे बघू लागला. मीही त्या प्रश्नावर दिवसभर विचार करत राहिले.

मुलं शाळेत जात नाहीत हे कळल्यावर लोक हमखास दोन गोष्टी विचारतात. मुलं इतरांत मिसळतील का, ही पहिली. दुसरी थोडी आवाज उतरवून विचारतात: धर्मासाठी करता का हे? मला ती टाळावीशी वाटत नाही. हो, विश्वास हे एक कारण आहेच. पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो, की देवाच्या आज्ञांविषयी मुलांशी बोलत जा, आणि त्यासाठी तो ज्या वेळा सांगतो त्या सगळ्या घरात बसण्याच्या, रस्त्यानं जाण्याच्या, झोपण्याच्या आणि उठण्याच्या आहेत. आईबापांनी मुलांसोबत भरपूर वेळ असावं, हे तिथं गृहीतच धरलेलं आहे. पाचसहा वर्षांच्या मुलाचा दिवसातला जागेपणाचा सगळ्यात ताजा वेळ मला त्याच्याजवळ हवा होता, आणि तो आम्हाला परवडत होता. जगापासून मुलांना लपवावं असं कधी मनात आलं नाही. साताऱ्यात ख्रिस्ती घरं मोजकी, लपायचं म्हटलं तरी लपता येत नाही. गणपतीत आमची मुलं शेजारच्या आरतीला दारात उभी असतात, आणि नाताळात करंज्या-शंकरपाळ्यांची ताटं घेऊन त्याच दारांत जातात.

पण खरा जाब विचारला तो सासूबाईंनी, मुलांच्या सांगलीच्या आजीनं.

त्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होत्या. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1890 च्या दशकात उभं केलेलं हे हॉस्पिटल. सासूबाईंचे वडील वाळवा तालुक्यात गावकुसाबाहेर जन्मले, मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकले, मास्तर झाले. आमच्या घराण्याची पहिली सही त्यांची. त्याआधी अंगठेच. शाळा ही त्या घराला तारणाऱ्या गोष्टींपैकी एक होती, आणि सासूबाई तो शब्द उगाच वापरत नाहीत. आम्ही घरी शिकवायचं ठरवलं तेव्हा त्या फोनवर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, ज्या दारातून आत जायला आपल्या माणसांना पिढ्या लागल्या, त्या दारातून तू पोरांना बाहेर ठेवतेस?"

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. राजवाड्याजवळून जाताना प्रतापसिंह हायस्कूल लागतं. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा या शाळेत दाखल झाला. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. वर्गात वेगळं बसावं लागे, बसायला गोणपाट घरून न्यावं लागे, पाणी दुसऱ्यानं वरून ओतलं तरच प्यायला मिळे. आणि तरी त्यांनी शाळा सोडली नाही. ही हकिगत मी थोरल्याला त्या इमारतीसमोर उभं करून सांगितली. तो म्हणाला, "मग मी का जात नाही?" मी त्याला खरं ते सांगितलं: तुझ्या पणजोबांना शाळेनं अक्षर दिलं, आजीला दिलं, मला दिलं, म्हणून आज मी तुला घरी शिकवू शकते. शाळेचं हे देणं आहे आपल्यावर. ते कसं फेडायचं, हे मात्र तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

घरी शिकलेल्या माणसांचा शोध मी तेव्हापासून घेऊ लागले. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईनं तीर्थयात्रांच्या भटकंतीत, पहाटे, घरकामाला लागायच्या आधी संस्कृत शिकवलं. सावित्रीबाई याच जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्यांची सुरुवात जोतिरावांनी घरात करून दिली. लक्ष्मीबाई टिळक तर शाळेत गेल्याच नाहीत. नवऱ्याकडून त्या लिहायला-वाचायला शिकल्या, आणि त्यांच्या 'स्मृतिचित्रे'शिवाय मराठी गद्याची गोष्ट पुरी होत नाही. पण यातली एकही बाई शिकलेलं घरात ठेवून बसली नाही. सावित्रीबाई 1848 मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या, रमाबाईंनी 1889 मध्ये शारदा सदन उघडलं.

लक्ष्मीबाईंचं घर तर मला फार जवळचं वाटतं. अहमदनगरला असताना बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे राहिले. हा ख्रिस्ती नसलेला पोरसवदा कवी त्या ख्रिस्ती घरात मुलासारखा वाढला. पुढे 1917 मध्ये लक्ष्मीबाईंच्या यजमानांनी, नारायण वामन टिळकांनी, मिशनची नोकरी सोडली आणि ते इथे, साताऱ्यात आले. 'देवाचा दरबार' त्यांनी सुरू केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या माणसांसाठी. त्या वेळी चर्चमधल्या अनेकांना ते रुचलं नाही. दोनच वर्षांनी टिळक गेले. मला वाटतं, साताऱ्यातल्या ख्रिस्ती घरानं स्वतःचं दार कसं ठेवायचं, हे तेव्हाच कुणीतरी करून दाखवलेलं आहे.

आणखी एक गोष्ट वाचताना मला थांबायला लागलं. आपल्याकडे शाळा काढणाऱ्या परदेशी मिशनऱ्यांच्या स्वतःच्या मुलांचं काय होत असे? कोडाईकनालची त्यांची शाळा 1901 मध्ये निघाली, तिकडे मुलं पाठवत. पण लहान वयात भारतातल्या अनेक मिशनरी घरांत आईच शिकवायची. बॉल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेनं 1906 पासून घरी शिकवायचे अभ्यासक्रम टपालानं पाठवायला सुरुवात केली, ते असल्याच दूरच्या घरांना उपयोगी पडले. म्हणजे मुलांच्या पणजोबांना बोर्डिंगात अक्षर शिकवणाऱ्यांच्या जगात घरची शाळाही चालत होती. सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी पोरं घरी शिकवली, पण दुसऱ्यांच्या पोरांसाठी शाळा काढली ना? मग तूही काढ."

हीच त्यांची अट. घरी शिकवायचं तर शिकवा, पण दार लोटून नाही.

तेव्हापासून दुपारी चारनंतर आमची बाहेरची खोली आमची राहत नाही. मागच्या वस्तीतली मुलं शाळा सुटल्यावर येतात. त्यांच्या आया धुणीभांडी, बांधकाम, मंडईतली हमाली अशा कामांवर असतात. कुणी तिसरीत, कुणी सहावीत. तिसरीतली एक मुलगी पुस्तक धडाधड 'वाचून' दाखवायची. सगळा धडा पाठ होता, अक्षर मात्र एकही ओळखत नव्हती. तिच्या वर्गात मुलं खूप आणि बाई एक, तिच्यापाशी थांबायला बाईंना वेळ कुठला? आमच्या धाकटीबरोबर बसून ती बाराखडीपासून निघाली. धाकटी तिच्याहून लहान, तरी दोघींना एकमेकींसमोर चुकायचं भय नाही. पावसाळा संपता संपता ती किराणा दुकानाची पाटी वाचत आली आणि सगळ्या गल्लीला वाचून दाखवत सुटली.

आणि ही मुलं माझ्या मुलांना जे देतात ते मी देऊ शकत नव्हते. परिपाठातली गाणी, विटीदांडूचे वाद, रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हरल्यावर रडू आवरणं. थोरला घरात एकटा वाढणारा हुशार मुलगा होत चालला होता. त्या हुशारीला समोरून 'चल हट्' म्हणणारं कुणीतरी हवं होतं. मिसळतील का, या लोकांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर घराच्या आत नव्हतंच. ते चार वाजता चपला काढून आत येतं. त्यांच्यापुढे आम्ही धर्म शिकवत नाही, हे त्यांच्या आयांना आधीच सांगितलं आहे. जेवायच्या आधी आमची मुलं हात जोडतात तेव्हा तीही थांबतात, एवढंच.

शाळा सुटण्याच्या वेळा सांभाळून आम्ही सांगलीला जातो ते मात्र रेल्वेनं. एसटी लवकर पोहोचवते, पण पॅसेंजर शिकवते. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी. प्रत्येक पिवळ्या पाटीवर नाव तीन भाषांत. धाकटीला देवनागरी अक्षरं इथेच पक्की झाली. किर्लोस्करवाडीला थोरला विचारतो, की माळरानावर कारखाना कुणी आणि का काढला. मग 1910 मधले लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि औंधचे राजेसाहेब डब्यात येऊन बसतात. आणि या सगळ्या प्रवासाच्या आसपास कृष्णा असते. माहुलीला वेण्णा तिला मिळते, कराडला कोयना समोरून येऊन मिळते, सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा. थोरल्यानं कागदाच्या पट्ट्या चिकटवून एक लांबलचक नदी काढली आहे. आमचं घर तिच्या वरच्या टोकाला, आजीचं खालच्या.

वरच्या टोकाला पाऊस पडला की खालच्या टोकाला काय होतं, हे त्याला पुस्तकातून सांगावं लागलं नाही. आजीच्या भिंतीवर 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुराची ओल अजून दिसते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी फुटांत मोजतात: 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेलं. थोरल्यानं 57 मधून 45 वजा केले, मग उठून भिंतीशी गेला आणि आपल्या उंचीशी ते 12 फूट ताडून बघायला लागला. वजाबाकी त्याला आधी येत होती. तिचा अर्थ त्या दिवशी कळला. आजीनं तेव्हा सगळं सांगितलं: कपाटावर ठेवलेलं शास्त्र, नावेतून नेलेले शेजारी, आणि निवारा मिळाला तो एका शाळेच्या वर्गात, हेही. ते सांगून तिनं माझ्याकडे पाहिलं. मला समजलं.

आता लोक तिसरी गोष्टही विचारतात: कायद्याचं काय? 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. घरी शिकवणाऱ्यांचा उल्लेख नाही, आणि न घालणाऱ्या पालकांना शिक्षाही सांगितलेली नाही. त्या मोकळ्या जागेत आमच्यासारखी घरं उभी आहेत. महाराष्ट्रात आता मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्याची पाचवी-आठवीची परीक्षा घरी शिकलेल्या मुलाला देता येते. आमचा विचार पाचवीची ती परीक्षा देण्याचा आहे. त्यानंतर थोरल्याला चार वाजता येणाऱ्या मित्रांच्या शाळेत जायचं असेल तर तो जाईल. त्यानं तसं बोलूनही दाखवलं आहे, आणि ऐकून माझं मन थोडं हललं, हे खरं. पण घराचं दार आत उघडत असेल तर ते बाहेरही उघडलं पाहिजे. त्याला अडवायचा हक्क मला नाही.

आजीची मात्र आणखी एक अट आहे. शाळेत जा नाहीतर घरी राहा, पावकी-निमकी आणि सवायकी आल्याशिवाय तिच्या घरातून सुटका नाही. आत्ता मे महिना आहे, मुलं सांगलीत आहेत, आणि काल फोनवर थोरला सव्वा साताचे किती ते मलाच विचारत होता.