प्लिमथचा गोफ

मिनिआपोलिसला आम्ही गेलो ते तेथील सरोवरे पाहावयास नव्हे. आमच्या धाकट्या नातीला इस्पितळातून मिळालेले कार्ड सौ.ने देव्हाऱ्यात करंड्याखाली जपून ठेवले आहे. त्यावर ‘प्लिमथ, मिनेसोटा’ असे छापलेले. ते प्लिमथ डोळ्यांनी पाहावे, एवढाच हेतू.

हृदयाजवळची जी रक्तवाहिनी जन्मानंतर थोड्याच दिवसांत आपोआप मिटावयाची, ती या मुलीची मिटली नाही. पूर्वी अशा मुलांची छाती उघडून ती वाहिनी बांधीत. हिच्या मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर नेली आणि तीतून तारेच्या जाळीचे बूच नेमके जागी बसविले.

मिसिसिपीच्या धबधब्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्यांनी या शहरास वैभव आले. एका जळक्या गिरणीत आता संग्रहालय आहे. ते घाईनेच पाहिले. तिथून वायव्येस मोटारीने प्लिमथ. वाटेत ‘मेडिसिन लेक’ लागते. नाव जुने, कारखान्यांशी त्याचा संबंध नाही, पण सौ.ने हात जोडलेच!

मूळ ऑस्ट्रियाचे डॉक्टर कुर्ट अँप्लात्स येथल्या विद्यापीठात क्ष-किरणांचे अध्यापक होते. त्यांनी 1995 साली सोबत्यांसह कंपनी काढली. सांप्रत ती अॅबटकडे आहे. वाहिनी मिटविणाऱ्या त्यांच्या बुचास 2003 साली अमेरिकी सरकारची मान्यता मिळाली. डॉक्टर 2019 साली निवर्तले.

याच धंद्यातल्या आमच्या भाच्याने कृती सांगितली. निकेल व टिटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या केसासारख्या तारा यंत्रावर विणतात. रिळे एकमेकांना ओलांडीत फिरतात; हुबेहूब आपला गोफ! एका जातीच्या बुचास 144 तारा लागतात. विणलेली नळी साच्यात घालून सुमारे 500 अंशांवर तापविली की तो आकार धातूच्या स्मरणात राहतो. मग ओढून नळीत भरा, बाहेर पडताच पुन्हा फुलते. बूच वाहिनीहून थोडे मोठेच निवडतात, म्हणजे ते घट्ट बसते. काहींच्या पोटात पॉलिस्टरचे तुकडे शिवतात. त्यावर रक्त थिजून वाट बंद होते.

“मुलगी वाढेल, मग त्या लोखंडाचं काय?” सौ.ने विचारले. “लोखंड नव्हे, मामी. काही महिन्यांत शरीर स्वतःचाच पापुद्रा त्यावर धरतं.”

कारखाना म्हणजे बैठ्या इमारती, मोटारींच्या रांगा आणि हिरवळ. परक्यास आत प्रवेश नाही. आम्ही रस्त्याकडेला उभे राहिलो. पाळी सुटली असावी. चारदोन बाया डबे घेऊन मोटारींकडे निघाल्या होत्या.

“ती आता जिना धावत चढते, हे यांना कुणी कळवतं का रे?” सौ. म्हणाली.

भाचा काही बोलला नाही. त्या बाया दिसेनाशा होईतो त्याने मोटार सुरू केली नाही.