चाळिसातले सोळा

कर्करोगावरच्या नव्या औषधाने हृदयाची लय बिघडते असं चाचणीत दिसलं, की ते औषध तिथेच थांबवावं, असं माझं ठाम मत होतं. दोडामार्गात दवाखाना चालवणाऱ्याचं दुसरं काय असणार? इथले रुग्ण गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात, नाहीतर मुंबईला टाटात जातात आणि मधल्या दिवसांत उलट्या-जुलाबांनी गळून आमच्यापुढे येतात. त्यात काळजाला धोका कशाला?

मत फिरवलं ते आर्सेनिक ट्रायऑक्साइडने. म्हणजे आपला सोमल. एका जातीच्या रक्ताच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला 2000 साली मान्यता मिळाली. चाचणीतल्या 40 रुग्णांपैकी 16 जणांचा क्यूटी एकदा तरी 500 मिलिसेकंदांच्या वर गेला होता. क्यूटी म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावून पुन्हा सावरायला घेतात तो वेळ. ईसीजीच्या कागदावर 500 म्हणजे साडेबारा बारीक चौकोन. तो इतका ताणला की ठोके भरकटू शकतात आणि माणूस मिनिटांत जातो. पण त्याच 40 जणांपैकी 28 जणांचा आजार पूर्ण आटोक्यात आला होता. माझ्या नियमाने हे औषध बाद झालं असतं! डॉक्टरांनी ते ठेवलं; पोटॅशियम आणि मॅग्नेशियम भरून काढत, पुन्हा पुन्हा ईसीजी पाहत दिलं.

मोजमाप बंदीसाठी नसून औषध हाती राहावं म्हणून असतं, हे मला तेव्हा पटलं.

कर्करोगाबाहेरच्या औषधांची ही क्यूटीची तपासणी बहुधा निरोगी माणसांवर होते. 2005 च्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार 10 मिलिसेकंदांचा फरकही नाकारता यावा लागतो, म्हणजे बारीक चौकोनाचा पाव भाग. नुसत्या डोळ्यांना तो दिसायचाही नाही. पण पेशींवर घाव घालणारं औषध निरोग्याला कसं द्यायचं? ते रुग्णांवरच मोजावं लागतं. तेही बहुतेकदा हृदय धड असलेल्या, क्षार जागेवर असलेल्या निवडक रुग्णांवर. माझा राग आता इथे आहे. जुलाबांनी पोटॅशियम उतरलेली, वर उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन घेणारी बाई त्या आकड्यांत कुठे असते? ऑन्डान्सेट्रॉनही क्यूटी लांबवतं. थायरॉइडच्या एका कर्करोगावरचं, क्यूटी लांबवणारंच व्हँडेटॅनिब तर बंद केल्यावरही 19 दिवसांनी अंगात निम्मं उरतं. चाचण्यांनी अशा रुग्णांनाही, पूर्ण देखरेखीत, सामावून घ्यायला हवं.

तोवर अशी बाई आली की मी आधी तिची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करून घेतो, ईसीजी काढतो, पोटॅशियमला रक्त पाठवतो. उलटीचं औषध त्यानंतर.