तीन वेळापत्रकं, एक हीप

मुलुंडहून अंधेरीला जायचं, म्हणून मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे आणि मेट्रो १ अशा तीन वेळापत्रकांच्या फाइली एकत्र करायला घेतल्यात. तिन्ही आधीच वेळेनुसार लावलेल्या. मग सगळं एकत्र ओतून पुन्हा क्रम कशाला लावायचा? प्रत्येक फाइलची पुढची एकच ओळ हीपमध्ये, म्हणजे सर्वांत लहान नोंद नेहमी वर ठेवणाऱ्या रचनेत, ठेवायची, सर्वांत लवकरची गाडी उचलायची, तिच्याच फाइलमधली पुढची ओळ आत घ्यायची. लावलेल्या याद्या अशा एकत्र करायची कल्पना मर्ज सॉर्टमधली; तो फॉन नॉयमनचा, १९४५चा. हीप विल्यम्सची, १९६४ची. फाइली कितीही लांब असोत, हीपमध्ये नोंदी तीनच.

डोकेदुखी मध्यरात्रीची. ००:२०ची लोकल खरं तर आदल्या दिवसाची, पण नुसत्या आकड्यावर ती पहाटेच्या पहिल्या गाडीच्याही आधी जाऊन बसते. म्हणून २४:२० लिहायचं. सार्वजनिक वाहतुकीच्या वेळापत्रकांसाठी वापरल्या जाणाऱ्या जीटीएफएस या स्वरूपातही हे चालतं.

आणि दादर! नाव एक, स्थानकं दोन: एक मध्य रेल्वेचं, एक पश्चिम रेल्वेचं. नावालाच किल्ली केलं तर त्यांच्यामधला पूल ओलांडायला शून्य मिनिटं लागतात. (संध्याकाळी सहाला करून बघावं कुणी.) तेव्हा किल्ली म्हणजे रेल्वे आणि स्थानकाचा संकेतांक यांची जोडी, घाटकोपर, अंधेरी, दादरची चालायची मिनिटं वेगळ्या तक्त्यात, कारण ती गर्दीप्रमाणे बदलतात. गुंदवलीची मेट्रो ७ घेतली, तर हीपमध्ये चौथी नोंद. बाकी काही हलवावं लागू नये.