ऐकू येईल असं हॉटेल

पुण्यात डाउनटाऊन नावाची गोष्ट नाही. कोथरूडहून, वाकडहून, हडपसरहून निघालेला माणूस अजूनही ‘गावात जातोय’ असंच म्हणतो, आणि या गावाची हद्द प्रत्येकाची वेगळी असते. माझ्या आजीचं गाव लक्ष्मी रोडला संपतं, आई-बाबांचं डेक्कनला. मी हिंजवडीत नोकरी करतो, त्यामुळे मला औंधच्या पुढे सगळं गावच वाटतं. आम्हा अकरा जणांना एका संध्याकाळी एका टेबलाशी बसवायचं ठरलं, तेव्हा ‘गावातच कुठेतरी’ एवढ्यावर एकमत झालं आणि पुढचं काम माझ्या गळ्यात पडलं. घरातल्या सॉफ्टवेअरवाल्याकडे प्रिंटर, आधार अपडेट आणि हॉटेल बुकिंग ही तीन खाती न मागता येतात.

निमित्त असं होतं की ताई, म्हणजे माझ्या काकांची मुलगी, जिजू आणि त्यांची चार वर्षांची पोरगी तीन वर्षांसाठी म्युनिकला चालली होती. आजी ८४ वर्षांची आहे. ८४ अधिक ३ ही बेरीज घरात कोणी मोठ्याने केली नाही.

फॅमिली ग्रुपवर विचारलं, कुठे जायचं? दहा मिनिटांत सहा उत्तरं आली आणि सहाही सारखीच: काहीही चालेल. यातलं एकही खरं नव्हतं. बाबांचं ‘काहीही’ म्हणजे मेनूकार्डाची उजवी बाजू आधी वाचून, त्यातल्या त्यात खालच्या आकड्यासमोरचा पदार्थ. काकूचं ‘काहीही’ म्हणजे संकष्टी सोडून काहीही. तिचा उपास चंद्रोदयाला सुटतो आणि चंद्र काही बुकिंगच्या वेळेवर येत नाही. जिजू देवगडचे, त्यांच्या ‘काहीही’ला काटे असतात. आत्याला एसीखाली बसवत नाही. पिल्लूला फक्त पांढरा भात आणि तूप. आजी माळकरी, त्यामुळे जिथे मटण शिजतं तिथलं ती पाणीही पीत नाही. जिजूंनी मासे मोठ्या मनाने म्युनिकपर्यंत पुढे ढकलले. तिथे ते कसे मिळतात हे त्यांना कळेलच.

आत्येभावाने सवयीने वैशाली आणि गुडलक ही दोन नावं टाकली. ती टाकल्याशिवाय पुण्यात हॉटेलची चर्चा सुरू होत नाही. गुडलक हा १९३५ पासूनचा इराणी, तिथे सामिष आहे म्हणून आजीच्या माळेने तो बाद केला. वैशालीच्या दारात नंबरासाठी उभं राहण्याची मजा विशीत असते. ८४ व्या वर्षी गुडघे तेवढे रसिक राहत नाहीत.

पण माझ्या यादीत पहिल्या ओळीवर जी अट होती ती ग्रुपवर कोणीच लिहिली नव्हती. आजीला ऐकू आलं पाहिजे.

दोन-अडीच वर्षांपासून घरात एक वाक्य रुळलंय: ‘आजी आता शांत झाली.’ लग्नात, बारशाला, गणपतीत ती खुर्चीत बसते, सगळे हसले की अर्ध्या सेकंदाने हसते. कोणी म्हणतं वय झालं, कोणी म्हणतं तिला झोप येते. कानाच्या तपासणीला मी तिच्याबरोबर गेलो होतो. त्या बाईंनी हातात ऑडिओग्राम दिला. आडव्या अक्षावर आवाजाची पट्टी, २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंत. उभ्या अक्षावर किती मोठा आवाज केल्यावर ऐकू येतो ते, वरून खाली. डावीकडे रेघ बऱ्यापैकी वर होती, मग उजवीकडे घसरगुंडी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात हा आलेख मी शंभरदा काढलाय. लो-पास फिल्टर. खालच्या पट्टीतलं आत येऊ देतो, वरच्या पट्टीतलं अडवतो.

वयामुळे कान जातात ते बहुधा असेच, वरच्या पट्टीकडून. भाषेत वरच्या पट्टीत काय असतं? व्यंजनांच्या कडा. स, श, त, क, फ यांची सुरुवातीची फुंकर, टकटक. स्वर खाली असतात, ते शाबूत राहतात. म्हणजे वाढप्याने विचारलं ‘ताक?’ तर आजीपर्यंत ‘आ’ पोचतो. ताक असेल, पाक असेल, काप असेल. म्हणून ती म्हणते, ‘ऐकू येतंय रे, पण कळत नाहीये.’ आणि आपण काय करतो, तर अजून जोरात ‘आ’ म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार साठीच्या पुढच्या चारांपैकी एकाहून जास्त जणांचं ऐकणं रोजच्या जगण्यात अडचण यावी इतकं गेलेलं असतं. म्हणजे गावातल्या कुठल्याही हॉटेलात ‘शांत’ झालेला एखादा आजोबा किंवा आजी बहुतेक प्रत्येक मोठ्या टेबलाशी बसलेली असणार.

आजीकडे यंत्र आहे. घरात ती ते लावते. हॉटेलात गेल्यावर पाचव्या मिनिटाला काढून रुमालात गुंडाळते, कारण यंत्र आवाज वाढवतं ते ताईच्या बोलण्याचा आणि मागच्या टेबलावर आपटलेल्या चमच्याचाही. गोंगाटातून एकच आवाज वेगळा काढणं हे काम कान आणि मेंदू मिळून करतात. कॉलिन चेरी या संशोधकाने १९५३ साली त्याला ‘कॉकटेल पार्टी’चा प्रश्न असं नाव दिलं. आमच्याकडे कॉकटेल नव्हतं, प्रश्न तोच होता.

मग मी फोनवर डेसिबल मोजायचं एक फुकट ॲप घेतलं आणि ऑफिसनंतर आठवडाभर गावात हिंडलो. फोनचा माइक काही प्रयोगशाळेतला नसतो, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो. डेसिबल फसवा असतो: १० ने वाढला की आवाजाची तीव्रता दहापट होते. दोघांचं साधं बोलणं साठच्या आसपास. त्यामुळे खोलीच पंचाहत्तर दाखवत असेल तर तिथे आपण बोलत नसतो, ओरडत असतो.

पहिली हिंडलो ती थाळीची ठिकाणं, कारण थाळी मला मनापासून पसंत होती. मेनूकार्ड नाही, म्हणजे बाबांना उजवी बाजू नाही. ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्या घराला थाळीइतकं प्रामाणिक जेवण दुसरं नाही. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी ही पद्धत फारच हुशारीची आहे. वाढपी भांडं घेऊन समोर येतो, काय आहे ते दिसतं. हवं असेल तर वाटी पुढे करायची, नको असेल तर पानावर आडवा हात धरायचा. एक शब्द लागत नाही. मला असा इंटरफेस बनवता आला असता तर एव्हाना माझं प्रमोशन झालं असतं.

पण थाळीचा हॉल म्हणजे फरशी, भिंतीला टाइल्स, स्टीलची ताटं, स्टीलच्या वाट्या, स्टीलच्या बादल्या. आवाज शोषून घेईल असं काहीच नाही. जे पडेल ते उसळून परत येतं. एका ठिकाणी साडेआठला ॲप ८१ दाखवत होतं. तिथे आजीचं पोट भरलं असतं, पण ताईशी तिचं एक वाक्य बोलून झालं नसतं. शिवाय थाळीच्या बऱ्याच जागांचा एसी हॉल वरच्या मजल्यावर असतो, लिफ्टशिवाय.

उलट टोकाला जंगली महाराज रोडच्या मागच्या बाजूचं एक रेस्टॉरंट. सोफे, जाड पडदे, गालिचा. आवाज ६२. मी खूश. मग लक्षात आलं की तिथे अंधार आहे. मेणबत्तीच्या उजेडात बसायला जोडप्यांना आवडत असेल, पण आजी अर्धं ओठांवरून वाचते. तोंड दिसलं नाही की तिचं उरलेलं अर्धंही जातं. तिसऱ्या जागी उजेड, शांतता दोन्ही होती. तिथे बाथरूमला तीन पायऱ्या उतरून जावं लागत होतं आणि कठडा नव्हता. चौथ्या जागेबद्दल न बोललेलं बरं. तिथे मॅनेजरने विचारलं, ‘सर, तुम्ही महापालिकेतून आलात का?’

सहाव्या दिवशी मला शोधायची गोष्टच बदलावी लागली. एकच हॉटेल मी दोनदा पाहिलं होतं. साडेआठला तिथे ७७ होतं, सव्वासातला ५८. भिंती त्याच, पंखे तेच. माणसं गोंगाटात आपोआप आवाज चढवतात, हे एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली दाखवून दिलंय. पहिलं टेबल बोलतं, दुसरं त्याच्यावर आवाज काढतं, तिसरं त्या दोघांवर. हॉल अर्धा भरेपर्यंत ठीक असतं, मग आकडा झपाट्याने चढतो. म्हणजे मला हवी होती ती जागा नव्हतीच फक्त, ती वेळ होती. हे हॉटेल दुपारी बंद होऊन सातला उघडायचं. सातला शटर वर जाताना आपण दारात असलो की पहिला तास आपला.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. पुढच्या वेळीही आम्हाला तोच कोपरा हवाय.

‘सात वाजता जेवण?’ जिजूंनी ग्रुपवर लिहिलं, ‘ॲडमिट होतोय का आपण?’ आत्याने लगेच उत्तर दिलं, ‘सवय करा, जर्मनीत लवकरच जेवतात.’ गुरुवार ठरला. संकष्टी नव्हती, एकादशी नव्हती, मी दोन कॅलेंडरांत बघून घेतलं.

आजी मेट्रोने आली. आनंदनगरला लिफ्टने वर, डेक्कनला लिफ्टने खाली. हे डेक्कनचं स्टेशन ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालं. त्याआधी ही संध्याकाळ रिक्षावाल्यांच्या मर्जीवर असती. बसण्याची व्यवस्था मी आधीच ठरवली होती. अकरा जणांत जोड्या होतात ५५, आणि लांब टेबलाला त्यातल्या निम्म्याहून जास्त मेल्यात जमा. म्हणून एका टेबलाऐवजी दोन टेबलं चौकोनी जोडून घेतली. आजी कोपऱ्यात, पाठ भिंतीला, म्हणजे मागून काही येणार नाही. समोर ट्यूबलाइटच्या उजेडात ताई. शेजारी पिल्लू. काका थोडे रुसले, त्यांना आईशेजारी बसायचं होतं. काका खालच्या पट्टीत पुटपुटतात आणि मिशांमुळे त्यांचे ओठ दिसत नाहीत. त्यांना टोकाला टाकलं.

सूप येईपर्यंत आजीचं यंत्र कानातच होतं.

मग बाबांनी ती गोष्ट काढली. हॉटेलात आलो की ती येतेच. पानशेतच्या पुराच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९६२ साली, लग्नाला सहा महिने झाले असताना आजोबांनी आजीला पहिल्यांदा हॉटेलात नेलं. दोन मसाला डोसे मागवले. आजी इतकी लाजली की तिने पदर सोडला नाही आणि डोशाला हात लावला नाही, शेवटी आजोबांनी दोन्ही खाल्ले. ही गोष्ट आजोबा सांगायचे, ते गेल्यावर बाबा सांगतात. सगळे हसले.

आजी हसली नाही. म्हणाली, ‘कोण म्हणालं?’

‘काय?’

‘दोन्ही मी खाल्ले. ह्यांनी हात लावला नाही. टेबलाखाली पैसे मोजत बसले होते.’

बाबा म्हणाले, ‘अगं पण अण्णा तर नेहमी...’

‘ते काय सांगायचे ते मला कुठे ऐकू येत होतं शेवटी शेवटी. घरात मी सगळ्यांच्या मागून जेवायचे. तोवर भाजी संपलेली असायची. भूक लागली होती मला.’

ताईने विचारलं, लाजली नव्हतीस? आजी म्हणाली की लाजायला बघणारं कोणी नव्हतंच. तेव्हा हॉटेलांत बायकांसाठी फॅमिली रूम असायची, लाकडी फळ्यांची, पुढे पडदा. ‘छान असायची. आतलं बोलणं आत, बाहेरचं बाहेर.’ फॅमिली रूम कशासाठी असायची हे मला माहीत आहे. बाई बाहेर जेवताना दिसू नये म्हणून. तरीही मी आठवडाभर गावभर जे शोधत होतो ते हेच होतं, चार फळ्या आणि एक पडदा.

पुढचा अर्धा तास आजी बोलत होती. कोणत्या हॉटेलात काय मिळायचं, कुठल्या सांबारात गूळ असायचा, ताईला तिकडे डाळ मिळेल का, बर्फात पोरीच्या कानाला काय बांधशील. ताईने उत्तरं दिली, मोठ्याने नाही, सावकाश, तोंड समोर ठेवून. एकदा दोघी खाली वाकून काहीतरी बोलल्या. काय ते मला कळलं नाही. ऐकू आलं होतं, नीट लागलं नाही.

आठला हॉल भरला. शेजारी एक वाढदिवस येऊन बसला, फुग्यांसकट. फोन ७४ दाखवत होता. आजीने यंत्र काढलं, रुमालात गुंडाळलं, पर्समध्ये ठेवलं. वेटरने कुल्फीचं विचारलं तेव्हा टेबलावरच्या सगळ्यांनी सांगितलं, कुठलीही चालेल. तो ट्रेच घेऊन आला. आजीने पिस्त्यावर बोट ठेवलं. मग बाबांकडे एकदा बघून, मलईवरही.