नाव होतं, दिसत नव्हतं!

सापडलं! रात्री दीड वाजता मी चक्क टाळी वाजवली. आतून बायकोनं विचारलं, "काय पडलं?"

त्याचं असं झालं. सोसायटीच्या 62 सभासदांचे पीडीएफ फॉर्म मी पायथनच्या छोट्या स्क्रिप्टनं एका झटक्यात भरले आणि ऐटीत ग्रुपवर टाकले. पाचच मिनिटांत फोन: "अहो, फॉर्म कोराच आहे!" माझ्या ब्राउझरात तर सगळं दिसत होतं. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिलं, तर चौकटी रिकाम्या. क्लिक केलं की नाव हजर, बाहेर क्लिक केलं की गुल! भुताटकीच.

आणि मग कळलं, की पीडीएफच्या एका चौकटीत दोन वेगळ्या गोष्टी असतात! एक, तिची किंमत, म्हणजे नुसता मजकूर. दुसरी, त्या मजकुराचं काढून ठेवलेलं चित्र. माझ्या स्क्रिप्टनं मजकूर भरला, चित्र काढलंच नाही. काही प्रोग्रॅम ते स्वतः काढून घेतात, काही फाइलीत असेल तेवढंच दाखवतात. फाइलीत 'नीड अपिअरन्सेस' नावाचा झेंडाही असतो: चित्र तुम्हीच काढा, अशी पाटी. पण ती सगळेच वाचत नाहीत. पीडीएफ 2.0 च्या मानकानं तर तिला निवृत्तच केलंय.

मग मी झेंडा लावला आणि क्यूपीडीएफ नावाचं फुकट अवजार 'जनरेट अपिअरन्सेस' सांगून फाइलीवर चालवलं. त्यानं सगळी चित्रं काढली, वर झेंडाही उतरवून ठेवला. काय शहाणं पोर!

एका चौकटीत ढब्बू अक्षरं नि शेजारी मुंगीएवढी, हे कोडंही सुटलं. फॉन्टच्या नावापुढे आकार 0 होता. शून्य म्हणजे 'चौकटीत बसेल तेवढं'! तिथे 10 लिहिलं, सगळी अक्षरं एका मापाची. इतकी वर्षं फॉर्म भरतोय, हे शून्य कधी दिसलं नव्हतं.

देवनागरीला मात्र ही क्यूपीडीएफची युक्ती चालत नाही. फॉर्मात बहुधा हेल्वेटिका फॉन्ट असतो, आणि त्यात 'क'सुद्धा नाही. म्हणून तूर्त नावं इंग्रजीत.

तुमच्याकडे असा कोरा फॉर्म आला, तर पाठवणाऱ्याला झापण्याआधी एका चौकटीत क्लिक करून बघा.